बाळंतिणीची धुरी

परवा पहाटे कारखान्याचा भोंगा वाजला आणि कसबा बावड्यात सीझन सुरू झाला. आमच्याकडे थंडी अशीच येते. कॅलेंडर बघतंय कोण? भोंगा झाला, उसाच्या गाड्यांची रांग रस्त्याला लागली, दोरीवरच्या कपड्यांवर काजळीची काळी कुसळं येऊन बसायला लागली, की ट्रंकेतनं स्वेटर काढायचे. मळीचा आंबूस वास पहिले चार दिवस नाकात बसतो आणि मग कळेनासा होतो. बाहेरगावचे पाहुणे आले की नाकाला रुमाल लावतात. मला मनातून त्यांचा राग येतो. चहात साखर घालताना नाही वास येत तो?

मला मात्र दरवर्षी या दिवसांत मळीच्या वासाच्या आत दुसराच एक वास येतो. घरात आणखी कुणाला येत नाही. मी सांगतही नाही. सत्तरीची बाई नसलेला वास येतो म्हणू लागली, की मुलं तिला डॉक्टरकडे न्यायला निघतात.

यंदा तो वास बाटलीतनं आला. माझ्या खोकल्याला आणि रात्री घरभर फिरण्याला वैतागून माझ्या सुनेनं, मेघानं, एक यंत्र आणलं. त्यात पाणी घालायचं, वर चार थेंब तेल टाकायचं, की ते वाफ सोडत बसतं. तेल लोबानचं. अंगठ्याएवढी बाटली, आणि किंमत विचारली तर मेघा विषय बदलते. बूच काढून हुंगलं. आधी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी आलं, मागनं नुकत्या रंधा मारलेल्या फळीसारखं. म्हटलं, छान आहे बाई, पण हे काही आपल्या ओळखीचं नाही. बूच लावता लावता मग तो आला. जड, गोडसर, घशात उतरणारा. मी बाटली टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले.

बाटलीबरोबर एक कागद होता. मराठीतही होता, कौतुक आहे. या तेलानं छातीतला कफ सुटतो, श्वास मोकळा होतो, सांध्यांची सूज उतरते, कातडीवरचे जुने वण फिके पडतात, मन शांत होतं. अंगाला लावायचं तर खोबरेल तेलात मिसळून, नुसतं लावू नये, पोटात घेऊ नये. सुरकुत्यांवरही चालतं म्हणे. आता माझ्या सुरकुत्यांना पुरायचं तर बादलीभर आणावं लागेल. खाली बारीक अक्षरांत ते कसं करतात ते लिहिलं होतं. झाडाच्या सालीला खाच पाडायची, तिच्यातनं पांढरं दूध पाझरतं, पाझरतच राहतं, ते वाऱ्यावर वाळून त्याचे खडे होतात, आणि त्या खड्यांना वाफ देऊन हे तेल निघतं. तिथवर वाचून मी कागदाची घडी घातली. मेघानं विचारलं, काय झालं. चष्मा बदलायला झालाय म्हटलं.

आम्ही त्याला ऊद म्हणायचो. लोबान हा शब्द शहरातल्या अत्तरवाल्याचा. ऊद, धूप, राळ असे सगळे डिंक आईच्या एका पत्र्याच्या डब्यात वेगवेगळ्या पुड्यांत असायचे, आणि डबा उघडला की स्वयंपाकघराचं देवघर व्हायचं. अमावस्येला निखाऱ्यावर ऊद टाकून आई सगळ्या खोल्यांतनं फिरवायची. पावसाळ्यात कपडे वाळले नाहीत, की पालथ्या वेताच्या बुट्टीवर ते पसरून खाली उदाचा धूर. न्हायल्यावर आमचे केस त्याच धुरावर. डास झाले, उदाचा धूर. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, टाचांना भेगा पडल्या, की राळ आणि ऊद तेलात कढवून मलम. एखाद्या वस्तूवर माणसाचा विश्वास बसला, की तो तिला सगळीकडे कामाला लावतो. आईनं उदाला घरातल्या थोरल्या सुनेसारखं राबवलं.

पण त्याचं खरं काम बाळंतिणीच्या खोलीतलं. आमच्या बावड्यात अजूनही जुन्या बायका सांगतील, की कुणाच्या घरी बाळ आलं हे बारशाच्या आमंत्रणानं कळायचं नाही, वासानं कळायचं. सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीत ऊद, ओवा, बाळंतशेपा आणि लसणाच्या साली एकत्र जळाल्याचा वास आला, की बायका कामं टाकून बाहेर यायच्या. कुणाकडे झालं, मुलगा की मुलगी, एवढंच विचारायचं बाकी राहायचं.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा सीझन. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सासर कोडोलीचं, ऊस आणि भात पिकवणारं शेतकरी घर; बावड्यात आम्ही राहायला आलो ते फार पुढं. आमचे हे शिरोलीला एमआयडीसीत फौंड्रीत लागलेले, तिथंच खोली करून राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. मी पहिलटकरीण, म्हणून बावड्याला आईकडे आलेली. आप्पा कारखान्यात फिटर. सीझनभर त्यांना रजा नसायची, आणि पाळी बदलली की ते कधी जेवायचे आणि कधी झोपायचे हे आईशिवाय कुणाला ठाऊक नसायचं.

दिवस भरायला दीड महिना होता, तेव्हाच ती आली. यात कुणाची चूक नव्हती. डॉक्टरीणबाईंनी जेवढं करता येण्याजोगं होतं तेवढं केलं. मुलगी होती. सकाळी आली आणि दिवेलागणीला गेली. तिची नखं पुरती आलेली नव्हती, पण केस होते, काळेभोर, मानेपर्यंत. माझं बोट तिच्या हातात दिलं तर तिनं धरलं. हे मी नंतर चार-पाच जणींना सांगितलं. सगळ्यांनी ‘असू दे, असू दे’ म्हटलं आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवला. तिनं धरलं होतं, एवढंच मला म्हणायचं होतं.

ह्यांनी आणि आप्पांनी तिला नेलं. एवढ्या लहान लेकराला आमच्यात पुरतात. दहावं नाही, तेरावं नाही. दुसऱ्या दिवशी आप्पा पाळीवर गेले आणि हे फौंड्रीत. भोंगा वेळेवर वाजला. मला त्या भोंग्याचा इतका राग आला, की हातातला पेला मी भिंतीवर फेकला.

बघायला येणाऱ्या बायका चांगल्याच होत्या. वाईट बोलावं असं कुणाच्याच मनात नव्हतं. अजून वय आहे, म्हणायच्या. होईल की दुसरं. एक जण म्हणाली, मुलगीच होती की. सगळ्यांचं मिळून म्हणणं असं, की झालं नाही असं समज. आणि मला तर तेच समजता येत नव्हतं. मी सात-साडेसात महिने तिला घेऊन हिंडले होते, ती पोटात उलटली की उठून बसत होते, तिला भेटले होते. मला दुसरं काही नको होतं. सुमनला मुलगी झाली होती, असं कुणीतरी एकदा तोंडानं म्हणावं, एवढंच हवं होतं. तेवढंही कुणी म्हणेना.

मला दवाखान्यातनं घरी आणलं तेव्हा वाटलं होतं, की आईनं सगळं आवरून टाकलं असेल. दुपट्यांची गाठोडी माळ्यावर गेली असतील, मला मधल्या खोलीत सतरंजीवर घालतील. आत गेले तर अंधाऱ्या खोलीत काथ्याची बाज टाकलेली. तिच्यावर गोधडी. खाली घमेल्यात शेणीचे निखारे. आईनं माझ्या कानाला फडकं बांधलं, अंगाला तेल चोळलं, कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, पोट आवळून बांधलं आणि मला बाजेवर निजवलं. मग डबा उघडला.

मी म्हटलं, आई, कशाला?

ती म्हणाली, “बाळंतीण हायस तू. गप पड.”

मी भिंतीकडे तोंड केलं. खालनं धूर आला. काथ्याच्या भोकांतनं तो पाठीला लागायचा, आधी नुसती ऊब, मग डोळ्यांत चुरचुर, मग घशात तो गोडसर जडपणा. पाठीच्या मणक्यात बसलेली कळ त्या उबेनं हळूहळू सुटायची, हे मला नाकबूल करता येत नाही. अंग निवांत व्हायचं आणि मला त्याची लाज वाटायची. लेकरू मातीत आणि आपण इथं शेक घेतोय, असं वाटायचं.

आणि मग दूध आलं. शरीराला कुणी निरोप दिला नव्हता. पोलकं भिजायचं, वर बांधलेलं धडपं भिजायचं, गोधडी भिजायची. शेजारच्या घरात कुणाचं पोर रडलं की आणखी यायचं. आई धडपी बदलायची, घट्ट बांधायची, ओली धडपी घेऊन परसात जायची आणि बऱ्याच वेळानं परत यायची. त्या कागदावरच्या झाडाबद्दल वाचताना मला परवा जे झालं ते यामुळं. झाडाला तरी विचारतंय कोण?

बाळंतिणीला धुरी देताना एक पद्धत असते. आधी आईची धुरी होते. मग तोच निखारा फुंकून त्यावर उदाची एक लहानशी वेगळी चिमूट टाकायची आणि न्हालेल्या बाळाला दोन्ही हातांवर आडवं धरून त्या धुरावरनं हलकेच वर-खाली करायचं. बाळाचा धूर बेताचा, म्हणून चिमूट वेगळी. आईनं आयुष्यभर बहिणींची, नणंदांची, भाच्यांची बाळंतपणं केलेली. पहिल्या दिवशी माझं झाल्यावर तिच्या हातानं सवयीनं डब्यातनं दुसरी चिमूट उचलली. मी बाजेवरनं बघत होते. ती तशीच उकिडवी बसून राहिली. मला वाटलं, आता परत पुडीत टाकेल. तिनं ती निखाऱ्यावर टाकली. लहानसा धूर वर आला, तो विरेपर्यंत ती तिथंच बसली, आणि मग घमेलं उचलून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. आम्ही दोघींनी त्याबद्दल एक अक्षर कधी काढलं नाही. मी मात्र त्या दुसऱ्या चिमटीची वाट बघू लागले. दिवसातला तेवढाच वेळ माझी मुलगी घरात असायची.

मधेच ऊद संपला. आप्पा पाळी सुटल्यावर सायकलीनं शहरात गेले. अत्तरवाल्याकडनं ऊद घेतला आणि माझी कंबर धरली होती म्हणून लोबानचं तेलही घेतलं, बोटाच्या पेराएवढ्या कुपीत. अत्तरवाले चाचा मायाळू माणूस. बाळंतिणीसाठी का, असं त्यांनी विचारलं. आप्पांनी मान हलवली. तर त्यांनी कापसाच्या बोळ्याला एक थेंब लावून दिला आणि सांगितलं, हा बाळाच्या उशाशी ठेवा, सर्दी होत नाही, याचे पैसे नकोत. आप्पांना त्यांना काही सांगता आलं नाही. घरी येऊन त्यांनी ऊद आणि कुपी आईच्या हातात दिली. बोळा सदऱ्याच्या खिशात राहिला. आईला तो धुताना सापडला आणि तेव्हा कुठं आप्पांनी हे सांगितलं. आमचे आप्पा फार न बोलणारे. सांगता सांगता ते उठून मोरीत तोंड धुवायला गेले. त्यांच्या त्या सदऱ्याला पुढं कितीतरी दिवस तो वास होता. आई खोबरेल तेलात कुपीतले दोन थेंब टाकून माझ्या कमरेला चोळायची. त्यानं खरंच बरं वाटायचं. कागद खोटं बोलत नाही, एवढं मी मेघाला सांगायला हवं.

आमच्या गल्लीत हौसाकाकू म्हणून होत्या. तोंडानं फाटक्या, आवाज असा की कारखान्याला वेगळा भोंगा नको. त्या लेकीकडे इचलकरंजीला गेल्या होत्या, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. परत आल्या त्या सकाळी गल्लीत वास पसरलेला. बाईनं घरात पाऊल ठेवलं, बॅगेतनं नातवासाठी शिवलेल्यातलंच एक झबलं-टोपरं काढलं, आणि तशीच आमच्याकडे आली. दारातनंच मोठ्यानं विचारत आली, कुठाय बाळ, वासावरनं आले मी, सांगायचं तरी नव्हे का.

घरात दोन-तीन बायका बसल्या होत्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या. कुणीतरी हौसाकाकूंना पदराला धरून बाहेर ओढू लागलं. मी बाजेवर उठून बसले. आता आई झबलं लपवेल, काहीतरी सांगून त्यांना वाटेला लावेल, असं मला वाटलं.

आई म्हणाली, “मुलगी झालती. राहिली न्हाय. पण सुमन बाळंतीण हाय, काकू. या, बसा.”

आईनं हौसाकाकूंना हळदकुंकू लावलं. हौसाकाकू आत आल्या, माझ्याकडे बघितलं, झबलं-टोपरं माझ्या मांडीवर ठेवलं, आणि खाली बसून त्यांनी जो गळा काढला तो चार घरं पलीकडे ऐकू गेला असेल. केस कसे होते, कुणासारखी दिसत होती, सगळं विचारलं त्यांनी. मी सांगितलं. बोट धरलं होतं तेही सांगितलं. हौसाकाकू म्हणाल्या, धरणारच की, आईचं बोट होतं ते. त्या बाईचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

अशा गोष्टी एसटीनं कोडोलीला पोचायला किती वेळ लागतोय? लेकरू नाही आणि बावड्यात धुरी चाललीय, असं कुणीतरी माझ्या सासूबाईंच्या कानावर घातलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. उंच, काळ्यासावळ्या, हाताला सदा माती लागलेली बाई. त्यांनी कुणाला जवळ घेतलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. नव्या गुळाची ढेप घेऊन त्या आल्या, ती ओसरीवर ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. निखारे पेटलेलेच होते.

“इहीणबाई, लेकरू न्हाय तर धुरी कुणाला देतायसा? बाजंला?”

“माझ्या लेकीला,” आई म्हणाली. “ती जिती हाय की.”

मग दोघींची चांगलीच जुंपली. आत्याबाईंचं म्हणणं, जितक्या लवकर पोरगी विसरेल तितकं तिचं भलं. रोज धूर घालून तुम्ही तिला आठवण करून देताय. चार दिवसांत कामाला लागली असती तर आतापर्यंत उभी राहिली असती. लोक हसतात. आईचं म्हणणं, लोकांना हसू दे, माझ्या लेकीची हाडं पोकळ झालेली आहेत, ती भरून आल्याशिवाय मी तिला पाठवायची नाही. आत्याबाई म्हणाल्या, हाडं सगळ्यांचीच पोकळ होतात. मला न्यायला आल्या होत्या, तशाच दुपारच्या गाडीनं परत गेल्या. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. या बाईच्या हाताखाली जन्म काढायचाय, या विचारानं मी त्या दिवशी जेवले नाही.

सव्वा महिना भरल्यावर मी कोडोलीला गेले. ते घर वाईट नव्हतं, पण त्या घरात माझ्या मुलीबद्दल कुणी बोललं नाही. हे सुट्टीला यायचे. मी विषय काढला की गोठ्याकडे जायचे. आत्याबाईंनी मला खायला-प्यायला काही कमी केलं नाही, जड काम सांगितलं नाही. पण त्या घरी पूर्वी अमावस्येला ऊद जळायचा, तो मी बाळंतपणाहून परत आल्यापासून बंद झाला. मला वाटलं, माझा पाय अवलक्षणी ठरला, म्हणून शुभाचं काही माझ्यासमोर करायचं नाही. आज मला वेगळं वाटतं. पण विचारायला आता त्या नाहीत.

कुणी नवीन माणूस भेटलं, की विचारतं, मुलं किती? मी दोन म्हणते. दोन मुलगे आहेत, गुणी आहेत, एक नातही आहे. दोन म्हणायला जीभ कधी अडखळली नाही. पण तसं म्हणून घरी आले की दिवसभर मला चैन पडत नाही, विनाकारण कुणावर तरी ओरडते. पोरं म्हणतात, आईचं काहीतरी बिनसलंय. तीन म्हटलं असतं, तर पुढचे प्रश्न आले असते, आणि लग्नाच्या मांडवात, जेवणाच्या पंगतीत कुणाला कशाला रडवायचं? पण लेकरू गेलं म्हणून आपण त्याची आई नव्हतो असं कसं होईल?

मन शांत होतं, असं त्या कागदावर लिहिलंय. मी खूप विचार केला त्यावर. त्या सव्वा महिन्यात माझं मन शांत झालं का? नाही झालं. धुरानं दुःख जात नाही, तेवढी ताकद कुठल्या डिंकात नाही. पण रोज सकाळी त्या वेळेला कुणीतरी माझ्यासाठी निखारे फुंकत होतं. तू बाळंतीण आहेस, तुझं काहीतरी मोठं झालंय, ते पुसून टाकू नकोस, असं कुणीतरी वागण्यातनं सांगत होतं. त्या वासानं मला आजही आधी रडू येतं आणि मग बरं वाटतं. दोन्ही त्याचेच गुण म्हणायचे.

मधे एक सीझन गेला. त्याच्या पुढचा ओसरत आला, उसाचे फड रिकामे व्हायला लागले, तेव्हा मला पुन्हा सातवा महिना होता. मी आधीपासूनच माहेरची वाट बघत होते. सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं, की मी बावड्याला जाणार. आधीचं तसं झालेलं, तेव्हा हेच पहिलं म्हणायचं, असं आमच्या जावासुद्धा बोलत होत्या. आई मला न्यायला आली. मी पिशवी भरून तयार बसले होते.

आत्याबाई शेतातनं आल्या, पाय धुतले, आईसमोर बसल्या आणि म्हणाल्या, “न्हाय धाडायची मी तिला.”

आईचा चेहरा लाल झाला. दोन वर्षांपूर्वीचं सगळं तिच्या तोंडावर आलं. मीही मनातनं भडकले, की आता ही बाई मला माहेरही तोडणार. आईनं स्वतःला आवरत विचारलं, का धाडायची नाही?

“आपल्यात पहिलं म्हायारी आन दुसरं सासरी असतंय न्हवं?” आत्याबाई म्हणाल्या. “पहिलं झालंय की तुमच्याकडं. मुलगी झालती हिला. ही दुसरी खेप हाय.”

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो. आत्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या, आमच्याकडे न बघता, उंबऱ्याकडे बघत. पुढचं त्या इतक्या हळू बोलल्या, की नेहमीचा तो आवाज कुठं गेला असं मला झालं.

“माझी पयली दोन गेली, इहीणबाई. दोनी बारीला आठ दिसांत खुरपायला होते मी. कुनी मला बाळंतीण म्हणलं न्हाय.”

आईनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि ती त्यांच्याजवळ सरकून बसली. मी चहा ठेवते म्हणून आत गेले, आणि चुलीपुढं बसून मोठ्यानं रडले, त्या घरात पहिल्यांदाच. बाहेर दोघींना ऐकू जात होतं. पण मला गप्प करायला कुणी आत आलं नाही.